अवघड्यांची नस

पहिल्या वर्षी आम्ही माणूस पाठ केला
तो परक्यांच्या नावांनी.
स्वादुपिंडात लँगरहॅन्सची बेटं,
मेंदूच्या बुडाशी विलिसचं वर्तुळ,
हृदयात हिसचा जुडगा,
आणि बाईच्या पोटात, तिचाही हात पोचणार नाही इतक्या आत,
कुणी डग्लस आपला कप्पा ठेवून गेलेला.
सदाशिव पेठेतल्या खोलीवर रात्री घोकताना वाटायचं,
ही तर भाडेकरूंची यादी.
मालक कुठे आहे?

मालक टेबलावर होता. पितळी बिल्ला, सतरा.
रजिस्टरात एवढंच :
पुरुष, अंदाजे पंचावन्न,
पुणे स्टेशन, फलाट तीन, वारस नाही.

त्याला टाकीतून काढणारे, पुसणारे,
संध्याकाळी ओलं फडकं पांघरणारे
सोनबा अवघडे.
खाकी शर्ट, बाह्या कोपराच्या वर,
फॉर्मॅलिननं बोटांची टोकं पांढरी पडलेली.
टाचेमागच्या दोराला आम्ही अकिलीस म्हणायचो.
ते म्हणायचे, "घोडशीर आहे ताई. तुटली की माणूस बसला."

एकदा मानेत चिमटा घालून तासभर शोधत होते
केसाएवढी एक नस,
थायरॉइडच्या वरच्या टोकाला
धमनीला बिलगून जाणारी.
पुस्तकात ती पिवळी होती.
सतराच्या मानेत सगळंच चहाच्या रंगाचं.
सर केव्हाच गेले, दिवे मालवायची वेळ झाली.
अवघडे आले, हातमोजे न घालता,
करंगळीनं पातळ पडदा सरकवला.
"ही बघा. कापू नका.
ही गेली तर बोलता येतं माणसाला,
हाक मारता येत नाही."
हे त्यांना कोणी शिकवलं, विचारायचं राहिलं.

त्या दिवसापासून आमच्या बॅचपुरती
ती अवघड्यांची नस.
त्यांना सांगितलं तर म्हणाले,
"माझी कशाला? ज्याची हाय त्याची म्हणा."
मग सतराकडे बघून गप्प झाले.
आम्हीही.

चौतीस वर्षांनी, रास्ता पेठ.
टेबलावर हौसाबाई नवगिरे, मंडईत पालेभाजी विकतात,
गळ्याला लिंबाएवढी गाठ.
भूल द्यायच्या आधी माझं मनगट धरून म्हणाल्या,
"आवाज तेवढा ठेवा बाई. दुकान त्यातच हाय माझं."

गाठ सुटत आली तेव्हा समोरून
जुन्नरचा फुलसुंदर, वय सत्तावीस, म्हणतो,
"मॅडम, अवघड सांभाळा."
"काय म्हणालास?"
"अवघड नस. मिरजेला आमचे सर म्हणायचे.
अवघड जागी असते ना, म्हणून."

माझा हात थांबला. मॉनिटर टिकटिकत राहिला.
म्हणजे नाव मिरजेपर्यंत पोचलं.
वाटेत फक्त एक मात्रा गळाली
आणि तिच्याबरोबर माणूस.
सांगणार होते. पण धमनी बांधायची होती,
आणि फुलसुंदरच्या हातातला दोरा
आधीच पुढे आला होता.
नस बाजूला पडून होती, पांढुरकी, जिवंत.
तिला मी वाट सोडली.

दुसऱ्या दिवशी राउंडला म्हटलं,
"हौसाबाई, हाक मारून दाखवा."
"कुणाला?"
जिभेवर आलं ते बोलले : "अवघड्यांना."
त्यांना वाटलं, असेल कुणी वॉर्डबॉय.
एका हातानं टाके जपत
त्यांनी थेट मंडईतली हाक दिली,
"ओ अवघडेऽऽ!"

पाण्याचा ग्लास हिंदकळला. शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली.
दूर, लिफ्टपाशी, स्ट्रेचर ढकलणारा नवा पोरगा,
ज्याचं नाव मला अजून माहीत नाही,
वळला
आणि म्हणाला, "आलो."